झुकलेला गरुड
मेक्सिको सिटीहून तास्कोला आलेला जाणकार माझ्या दिवंगत नवऱ्याच्या, एव्हारिस्तोच्या चांदीकामावर पुस्तक लिहीत होता. त्यानं एकेक कडं भिंगाखाली धरलं. "एव्हारिस्तोंची खूण सांगतो, बाई. ठशातला गरुड नेहमी डावीकडे झुकलेला. नकली मालात तो ताठ असतो." मी कॉफी ओतत होते. लग्नानंतर वर्षभरातच एव्हारिस्तोचा उजवा हात यंत्रात चिरडला. तेव्हापासून कडी मी घडवली, ठसेही मीच मारले, डाव्या हातानं. "डावखुरे, तुझ्या टॉर्टियासुद्धा वाकड्या," म्हणून तो हसायचा. बक्षिसं मात्र तोच घ्यायचा. मी जाणकाराला म्हणाले, "ही सगळी मी घडवलीत. पुस्तकात माझं नाव घालाल?" "प्रत्येक कारागिराची विधवा हेच सांगते, बाई!" मग माझ्या हातातलं कडं त्यानं भिंगाखाली घेतलं. ते एव्हारिस्तोनं लग्नासाठी स्वतः घडवलेलं. त्यावरचा गरुड ताठ होता. "हे नकली आहे. कुणी फसवलं तुम्हाला?" "नवऱ्यानं," मी म्हणाले.