बंद इंजिनाची घरघर

विमानाच्या इंजिनांचा आवाज मोजणाऱ्या प्रयोगशाळेच्या साहेबांना आपल्या कानांचा भारी अभिमान. चाचणीची खोली तर इतकी शांत, की आत स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू यावा. त्या दुपारी भरपेट जेवून साहेब एकटेच आत जाऊन बसले. इंजिन बंद ठेवून तासभर नुसती शांतता रेकॉर्ड करायची होती. संध्याकाळी सगळ्यांनी ऐकलं, तर त्या शांततेत चक्क घरघर!

"साहेब, बंद इंजिन घरघरेल कसं?" हाताखालच्या इंजिनिअर बाईंनी विचारलं.

"आतला एखादा पंप चालू राहिला असणार. माझ्या कानांना शिकवू नका. खोला सगळं!"

आठवडाभर इंजिनाचा स्क्रू न् स्क्रू सुटा झाला, खोलणाऱ्यांच्या तोंडाला फेस आला, पण पंपात काही म्हणता काही सापडेना. शेवटी साहेबांनी ते रेकॉर्डिंग घरी आणलं, बाहेरच्या खोलीत मोठ्या स्पीकरवर लावलं आणि ताठ बसून कान टवकारले.

घरघर सुरू होते न होते, तोच स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, कुशीवर वळा बघू!"