साखळीतला हात

व्यावसायिक कबड्डी संघासाठी खेळाडू निवडणाऱ्या मोहितेबाईंनी इंद्रजितला मैदानावर उतरवलंच नाही. त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "कॉलेजकडून डावा कोपरा छान सांभाळलास. पण रेडर जवळ आला की दुखऱ्या गुडघ्याच्या भीतीनं तुझ्या तळहाताला घाम फुटतो. चार वर्षांची नोंद आहे."

इंद्रजितने अंगावर कधीच यंत्र लावलं नव्हतं. बचावपटू हात धरून साखळी करतात, त्यात कोपऱ्यातल्या खेळाडूचा एकच हात असतो, आणि त्याचा तो हात कॉलेजच्या संघात कायम शेजारी खेळणाऱ्या वैजनाथच्या हातात असायचा.

वैजनाथ बाहेरच उभा होता, त्याच संघाचा नवा टी-शर्ट घालून. त्याने सवयीने हात पुढे केला. तळव्याच्या कातडीखाली तांदळाएवढा हिरवा ठिपका लुकलुकत होता.

इंद्रजितने तो हात घट्ट धरला.

"आत्ता काय वाटतंय, तेही कळव त्यांना."