ग्रीस किती भरायचं

“ग्रीस किती भरायचं हेसुद्धा मीच सांगायचं?” लुआन उस्ताद फोनवर कडाडले. “अरे, कारखान्यातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. बेअरिंगमधल्या रिकाम्या जागेच्या एक तृतीयांश! जास्त भरलं की तापते. चाळिशीला आलास, जर्मनीत इंजिनियर म्हणून मिरवतोस, आणि बापाला हे विचारतोस? उद्या मी मेलो म्हणजे कुणाला विचारशील?”

पलीकडून यूहांग म्हणाला, “बरं, बाबा. नाही विचारणार.” आणि फोन ठेवला.

उस्तादांना वाटलं, बरं झालं. कधीतरी बोलायलाच हवं होतं. चीनमधल्या लोयांगच्या बेअरिंग कारखान्यात त्यांनी उभी हयात घालवली होती. हात सोन्याचा आणि तोंड शिवलेलं, अशी तिथे त्यांची ख्याती. चेल्याला सगळं शिकवलं की गुरू उपाशी मरतो, ही तिकडची जुनी म्हण उस्तादांनी तंतोतंत पाळली. हाताखालच्या माणसांना ते निम्मं सांगायचे आणि निम्मं गिळायचे. पोराला मात्र सगळं दिलं. जेवताना दिलं, सायकलवर मागे बसवून शाळेत सोडताना दिलं. त्याच शिदोरीवर पोरगा जर्मनीत पोचला, तिथल्या बेअरिंगच्या कारखान्यात लागला.

आणि तिथून दर रविवारी फोन. “जेवलात?” “जेवलो.” एवढं झालं की लगेच प्रश्न. छर्ऱ्यांवर डाग का पडतात? बेअरिंग तापवून बसवायची की ठोकून? सगळं लहानपणी दहादा सांगून झालेलं. आई गेली तेव्हा यूहांग आला होता. परत जाताना स्टेशनावर बाप-लेक शेजारी शेजारी नुसते उभे राहिले. गाडी लागल्यावर यूहांगने विचारलं, “बाबा, गंजलेलं आणि तापून काळं पडलेलं, यातला फरक नुसत्या डोळ्यांनी कसा ओळखायचा?” गाडी हलेपर्यंत उस्ताद सांगत राहिले. पण घरी येताना त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पोरगं कच्चंच राहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. एक दिवस तिकडचे लोक त्याच्या हातात नारळ देतील.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. उस्ताद फोन मांडीवर घेऊन बसून राहायचे. शेजारचा म्हातारा दारातून टोमणा मारून गेला, “काय उस्ताद, अंडं उबवताय का?”

आपणच फोन करावा असं त्यांना फार वाटे. पण करून बोलायचं काय? कामाशिवाय फोन करायची त्या घरात रीत नव्हती. पोराची नोकरी गेली असेल आणि सांगायला लाजत असेल, ही एक भीती. आपण त्याला कायमचं तोडलं, ही दुसरी, तिच्याहून मोठी. त्या फोनशिवाय आठवडाभर त्यांच्याशी बोलणारं कुणीच उरलं नव्हतं.

चिनी नववर्षाच्या वसंतोत्सवाआधी एका दुपारी शुआंग नावाची मुलगी दारात उभी राहिली. याच गावची, यूहांगच्या कारखान्यात काम करणारी. सुट्टीवर आली होती. यूहांगने तिच्याकडे गुडघ्यांचं मलम दिलं होतं.

उस्तादांनी तिला चहा दिला, सूर्यफुलाच्या बिया पुढे केल्या आणि धीर करून विचारलं, “त्याची नोकरी आहे ना अजून?”

शुआंग हसायलाच लागली. “काका, काय विचारताय! आमच्याकडे कुणाचं काही अडलं की यूहांगदादाला गाठतात. जर्मन म्हातारेसुद्धा. नव्या लोकांना शिकवायला तोच असतो. मी लागले तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने शिकवलं, ग्रीस किती भरायचं ते. काही म्हणजे काही लपवून ठेवत नाही. वर म्हणतो, हे माझं नाही, माझ्या बाबांचं आहे.”

“तू लागलीस कधी?”

“झाली की आठ-नऊ वर्षं.”

उस्तादांच्या हातातली बी हातातच राहिली. इतकी वर्षं पोरगा स्वतःला ठाऊक असलेलंच विचारत होता. बापाकडे दुसरं काही बोलणं नाही, हे ओळखून विचारत होता. आणि आपण त्याच्यावर ओरडलो. उस्तादांना स्वतःची लाज वाटली, रडूही आलं. शुआंगसमोर नको म्हणून ते चहा आणायला आत गेले आणि चहा न घेताच बाहेर आले.

ती गेल्यावर त्यांनी फोन उचलला. तिकडे सकाळ असणार. आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतः पोराला फोन करत होते.

“बाबा?” यूहांगचा आवाज घाबरा झाला. “काय झालं? बरं आहे ना तुम्हाला?”

“मला काय धाड भरलीय!” उस्ताद म्हणाले, आणि पुढे काही सुचेना. त्यांची नजर घरभर फिरली आणि सज्ज्यातल्या कपडे धुण्याच्या मशीनवर अडली. ते बंद होतं. त्यावर कोबीचे गड्डे रचलेले होते.

“ते धुण्याचं मशीन,” ते म्हणाले, “आवाज करतंय. काय करायचं असतं रे?”

पलीकडे यूहांगने घसा खाकरला. “बेअरिंग गेली असेल, बाबा. पण ऐकल्याशिवाय कसं सांगू? जरा फोन जवळ धरा.”

उस्तादांनी इकडेतिकडे पाहिलं, फोन तोंडाजवळ धरला आणि घर्र घर्र करायला सुरुवात केली.