पाठमोरी

"तो खेळत असला का मैदानाकडे पाहू नको, सारिका. तुह्यी नजर लागते त्याले."

सासू झुंबरबाई जाऊन वर्षं झाली, पण तिचा हा शब्द सारिकानं कधी खाली पडू दिला नव्हता. हर्षल लहानपणी गल्लीत खेळायचा. ती ओट्यावर येऊन कौतुकानं पाहायची, आणि तिनं पाहिलं की पोरगं बाद. पुढे तो दुसरबीडच्या संघात गेला, तेव्हा ही गोष्टही त्याच्यासोबत संघात गेली.

आज स्पर्धेची फायनल होती. समोर साखरखेर्डा. सारिका मांडवाच्या कडेला मैदानाकडे पाठ करून बसली होती. कप्तान पंजाबरावानं तिच्या राखणीला आपली म्हातारी आत्या तानुबाई बसवली होती. वहिनींची मान वळली की मला हाक मार, असं त्यानं म्हातारीला बजावलं. तो हसत होता, पण ती गंमत नव्हती.

मांडवात नागपूरचे एक पाहुणे बसले होते. हर्षलनं आज सामना काढून दिला, तर ते त्याला आपल्याकडे सरावाला नेणार होते. गावभर तेच चाललं होतं.

सारिकाचा मंगळवारचा उपास होता. पहाटे देवीपुढे दिवा लावून ती नवस बोलली होती. काय बोलली ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

काल बीबी गावाच्या संघाशी खेळताना एक चेंडू हर्षलच्या हेल्मेटवर आदळला होता. आज सकाळी त्यानं चहा तसाच ठेवला, दाराचा उजेड नको म्हणाला, भिंतीला हात लावत मोरीपर्यंत गेला.

"बाबाले सांगू नको आई. तुले माही शपथ."

शपथ मोडणं तिला जमणारं नव्हतं. तरी नवऱ्यापाशी तिनं एवढं काढून पाहिलं, की पोराचं तोंड उतरलेलं दिसतं. किसनराव टोपी झटकत म्हणाले, फायनलच्या दिवशी सगळ्याइचंच उतरते.

आता भोंग्यावरून एकेक धाव ऐकू येत होती. सारिका जप करत होती आणि फराळाच्या डब्याचं स्टीलचं झाकण पदरानं पुसत होती.

"अवं, घासून घासून भोक पाडशीन त्याले," तानुबाई म्हणाली.

हात गुंतलेले बरे असतात, आत्याबाई, असं म्हणून सारिकानं झाकण पुन्हा मांडीवर धरलं.

हर्षल एका बाजूनं टिकून होता. एकदा चुकला, एकदा चेंडू खांद्याला घासून गेला. मांडवाला हायसं वाटलं. सारिकाचे ओठ थांबले आणि पुन्हा हलू लागले.

शेवटचं षटक आलं. सहा धावा हव्या होत्या. साखरखेर्ड्यानं आपला सगळ्यात वेगवान गोलंदाज आणला. तो अंगावरच टाकतो, हे भोंग्यावाल्यानं मोठ्या हौसेनं सांगितलं. पहिलाच चेंडू हर्षलच्या कानापासून गेला. लोक टाळ्या पिटू लागले. सारिकानं झाकण थोडं वर उचललं, त्यावर फुंकर घातली, आणि ती त्याच्याकडे एकटक पाहत राहिली.

पुढच्या चेंडूला मांडवात एकदम शांतता पसरली. मग पलीकडून साखरखेर्ड्याचा ढोल वाजला. हर्षलची दांडी उडाली होती. मागून आलेल्यांना उरलेल्या धावा काही जमल्या नाहीत.

हर्षल सरळ आईजवळ आला आणि खाली बसला. "दोन-दोन चेंडू दिसून राह्यले होते, आई," तो म्हणाला. मग बाजूला वळून त्यानं उलटी केली.

किसनराव मागेच उभे होते. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि पोराला दवाखान्यात न्यायला गाडी आणायला गेले.

पंजाबराव पॅड सोडत आला. डोळे लाल होते, तरी त्यानं मोठेपणा सोडला नाही.

"तुमचा काही दोष नाही, वहिनी. तुम्ही एकदाही मागं वळल्या नाहीत."

"नाही वळले," सारिका म्हणाली.

गाडी येईपर्यंत तिनं पिशवीतून नारळ काढला आणि चपला तिथंच सोडल्या. देवीचं ठाणं मैदानापलीकडच्या निंबाखाली होतं. तानुबाई चकित झाली. हरलो ना आपण, मग नारळ कायचा, असं तिनं विचारलं.

"मी बोलले तेच झालं, आत्याबाई. पोराजवळ बसा घडीभर."

सारिका अनवाणी निघाली. म्हातारीनं डबा आवरायला घेतला, झाकण उचललं आणि तिचा हात तसाच राहिला. त्या लखलखीत स्टीलमध्ये तिच्या पाठीमागचं अख्खं मैदान दिसत होतं, मधल्या दांड्यांसकट.