बेचाळीस घोंगड्या

“घोंगड्या उतरवा आधी!” सी मिमून फाटकातूनच ओरडला. “तासाभरात साहेबांची गाडी येतेय, आणि भिंतीवर हे काय लोंबतंय?”

लल्ला रकिया अंगणात सलगम सोलत बसली होती. ती काही उठली नाही. मुलींच्या या वसतिगृहाची ती स्वयंपाकीण, आणि खऱ्या आया डोंगरापलीकडे असल्यामुळे बेचाळीस पोरींची आईही तीच. मिमून संचालक; मानानं त्याला ‘सी’ आणि तिला ‘लल्ला’ म्हणत. आज त्याने लग्नातला कोट चढवला होता आणि तो पोटावर बसत नव्हता.

“उद्या,” रकिया म्हणाली. “दवाखान्यातल्या बाईंनी तीन दिवस सांगितलेत. ते उद्या दुपारी भरतात.”

परवा दुपारी बाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी एकेका पोरीची बोटं फाकवून पाहिली, बारीक फणीने उवा काढल्या, आणि मग सगळ्यांना, अगदी रकियालाही, गळ्यापासून तळव्यांपर्यंत खरजेचं औषध चोपडलं. कपडे उकळले. घोंगड्या उकळून कशा चालतील, म्हणून त्या रस्त्याकडच्या भिंतीवर गेल्या. तीन दिवस माणसाची ऊब मिळाली नाही की तो किडा मरतो, असं बाईंचं म्हणणं. शिखरांवर बर्फ होतं. दोन रात्री पोरी अंगावरच्या जेलाब्यांत, म्हणजे लांब झग्यांत, मुटकुळं करून चुलीपाशी झोपल्या, पण एकीनेही घोंगडी मागितली नाही.

“आजच्यापुरत्या पलंगांवर घाला. साहेब खोल्या बघणार. त्यांना काय उघडे पलंग दाखवू?”

“दाखवा की. पलंगांना कुठं खरूज झालीय?”

“एका दिवसानं काय बिघडतंय, लल्ला!”

“गेल्या वर्षीही हेच म्हणालात. महिन्याभरात पुन्हा खाजवायला लागल्या, तर तीन पोरींना घरी धाडलंत. आली एक तरी परत?”

भिंतीजवळ उभ्या असलेल्या तूदाने मान खाली घातली. ती बारा वर्षांची. तिच्या बापाने सरळच सांगून ठेवलं होतं, खाजवत घरी आलीस तर शाळा संपली, शेळ्या तुझी वाटच बघताहेत.

“बास्सू!” मिमूनने पहारेकऱ्याला हाक मारली. “तू काढ.”

बास्सूने आपले दोन्ही हात निरखून पाहिले. “घरी पाच लेकरं आहेत, सी मिमून,” तो म्हणाला आणि चार पावलं मागे सरला.

“मग मुलींनो, तुम्ही.”

एकही हलली नाही. “आम्हाला औषध लावलंय,” तूदा म्हणाली. “आता पुन्हा हात लावायचा नाही, असं सांगितलंय.”

“मग काय मी काढू?”

“काढा ना,” रकिया म्हणाली. “कोट तेवढा उतरवून ठेवा, नाहीतर बायको घरात घेणार नाही.”

मिमून तरातरा भिंतीपर्यंत गेला. हात वर केला. तो अर्ध्यातूनच परत आला आणि स्वतःची मान खाजवू लागला. पोरी फिस्सकन हसल्या. ज्या खरजेपायी शाळेत कुणी त्यांच्या शेजारी बसत नव्हतं, तीच आज भिंतीची राखण करत होती.

तेवढ्यात हॉर्न वाजला.

साहेब प्रांताच्या ठिकाणाहून आले होते, सोबत फोटोवाला होता. उतरताच त्यांची नजर भिंतीवर गेली. “अरे वा! हे काय?”

“प्रदर्शन, साहेब,” मिमून म्हणाला. त्याला खोटं बोलायला कधीच वेळ लागत नसे. “मुलींच्या आयांनी हातानं विणलेलं. खास आपल्यासाठी.”

साहेब खूश झाले. “ही तांबडी खांद्यावर घेतो. छान दिसेल. फोटो काढ रे.”

तांबडी तूदाची होती. मिमूनचा चेहरा पडला, पण तोंड उघडेना. तूदाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. बोललं तर संध्याकाळच्या गाडीने हा आपल्याला घरी धाडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. साहेबांचा हात घोंगडीपासून वीतभर होता.

“हात लावू नका, साहेब. खरूज आहे त्यात.”

साहेबांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला.

“कुणाची खरूज?”

“आमची. आठवड्यातून एकदाच गरम पाणी मिळतं. पाणी तापवायचं मोठं भांडं कधीचं फुटलंय. म्हणून होते.”

मिमून पुढे झाला. “लहान आहे, साहेब. काहीही बडबडते. आजच तिच्या बापाला निरोप—”

“तिच्या एकटीची नाही,” रकिया म्हणाली. ती सुरी हातात घेऊनच उठली होती, आणि येऊन तूदाच्या शेजारी उभी राहिली. “माझीपण आहे. एकीला घरी धाडायचं तर सगळ्यांना धाडा, आणि तुमचा स्वयंपाक तुम्ही करा.”

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, मग फोटोवाल्याकडे. “बरं, बरं. पण हे सगळं आत कधी नेणार?”

“आत्ता, साहेब,” मिमून म्हणाला. “लगेच.”

“उद्या, दुपारच्या नमाजानंतर,” तूदा म्हणाली. “ज्याला घाई असेल, त्यानं आपल्या हातांनी काढाव्यात.”

कुणीही पुढे आलं नाही.