फुलीची गोळी

"पानीसुदिक दिऊ नगंस त्याला," कुतुबुद्दीन दातओठ खात बायकोला म्हणाला.

बाहेर कट्ट्यावर गणपतराव येऊन बसला होता. सकाळी कोल्हापूरच्या कोर्टातून सुटला आणि स्वतःच्या घरी जायच्या आधी हा इथं आला. ज्याचा जवान पोरगा मारला, त्याच्याच दारात! जनाची नाही तर मनाची तरी असावी की माणसाला.

पोराला, ख्वाजाला जाऊन वर्ष होत आलं होतं. राधानगरीच्या रानात सांबराचा हाका होता. ख्वाजा हाकेकऱ्यांत, डबा बडवत. झाडी हलली आणि ठासणीच्या बंदुका एकदम कडाडल्या. कुतुबुद्दीननंही बार टाकला होता. तो वाया गेला, असं त्याला वाटलं. मग झाडीतून पोराची किंकाळी आली.

डॉक्टरनं काढलेल्या गोळीवर फुली होती, आणि ती फुली कुणाची हे सगळा गाव जाणून होता. इथल्या शिकाऱ्यांच्या शिशाच्या गोळ्या कुतुबुद्दीनच ओतायचा. जनावर पडलं की मुंडक्याच्या मानावरून डोकी फुटायची. म्हणून त्यानं प्रत्येकाच्या साच्यात आतून एकेक खूण कोरून दिली होती. ज्याची गोळी, त्याचं मुंडकं. गणपतरावाची फुली आणि कुतुबुद्दीनची स्वतःची चंद्रकोर. दोघांच्या बंदुका एकाच कारागिराच्या, नळीचं मापही एकच. फरक काय तो खुणेचा.

आणि कोर्ट म्हणालं, अपघात. अपघात म्हणे!

"मिस्त्री," बाहेरून गणपतराव बोलला, "माझी दारू वली झालती. बार झालाच न्हाय. कोर्टात त्येच सांगितलं, हितं बी त्येच सांगतो."

"मग फुली कुनाची व्हती? माझ्या बाची?"

"फुली माझीच. पन गोळी म्या झाडली न्हाय."

चोराच्या उलट्या बोंबा. कुतुबुद्दीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं खुंटीवरची बंदूक काढली.

सुगरा भट्टीपाशी बसून होती. तिनं बंदुकीकडं पाहिलं, पण अडवलं नाही. नुसती म्हणाली, "माझ्याच हातच्या गोळीनं गेलं वो पोरगं. त्या दिशी तुमी तापात व्हता. म्या ओतल्या नसत्या तर..."

"पाप ओतनाऱ्याचं नसतंय," तो म्हणाला. "झाडनाऱ्याचं असतंय."

तिचा काय दोष? हाक्याच्या आदल्या दिवशी तो घोंगडी पांघरून कुडकुडत पडला होता. गणपतराव आपला साचा टाकून गेला होता, आणि दोन्ही घरच्या गोळ्या एकट्या सुगरानं ओतल्या. तिचा हात त्याच्याहून साफ. थंड साच्यात शिशाला सुरकुत्या पडतात, तापल्या साच्यातून गोळी गुळगुळीत निघते. म्हणून एकदा तापलेला साचा ती शिसं संपेपर्यंत हातातून खाली ठेवत नसे. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं अंधारातच चाचपडत बंदूक भरली आणि अंगात कणकण असतानाच तो हाक्याला गेला.

आता त्यानं नळीत दारू ओतली. काथ्याचा बोळा घालून गजानं ठासला. वर्षभर हा राग त्यानं पोटात सांभाळला होता.

"मिस्त्री, ऐकतूयास न्हवं?" गणपतराव बाहेर म्हणाला. "तुझा इस्वास बसत नसंल तर घाल गोळी. गाव आता जल्मभर तोंडावर थुकंल. त्यापरास ह्ये बरं."

"बस तितंच," कुतुबुद्दीन म्हणाला. "आलोच."

त्याच्या गोळ्यांची पिशवी खुंटीलाच होती. हाक्यावरून आल्यापासून त्यानं तिला हात लावला नव्हता. नाडी सोडून त्यानं एक गोळी काढली आणि सवयीनं तिच्यावरून अंगठा फिरवला.

अंगठा थांबला. तो गोळी घेऊन भट्टीच्या उजेडात गेला. मग त्यानं पिशवी जमिनीवर उपडी केली आणि गुडघ्यावर बसून एकेक गोळी उलटीपालटी करून पाहिली.

चंद्रकोर एकीवरही नव्हती. सगळ्या फुलीच्याच होत्या.