अर्पितचं शिळं पान

"अजून दिसतोय!" सुगनबाई फोनवर कडाडल्या. "सगाई होऊन गेली आणि मुलाचा बायोडाटा अजून स्थळं मागत फिरतोय. लोकांना मी काय तोंड दाखवू?"

सुगनबाई म्हणजे मुलीची आजी. मुलगा धुळ्याचा, अर्पित. समाजाच्या वधू-वर वेबसाइटवरचं त्याचं पान सगाईनंतरही सगळ्यांना दिसत होतं. आज संध्याकाळपर्यंत ते गेलं नाही तर सगाई मोडायची, असं सुगनबाईंनी जाहीर करून टाकलं होतं. त्या बोलल्या की बोलल्या.

"दादीजी, मुलाचा काही दोष नाही," आयुषी म्हणाली. "त्याने पान काढलंय. दोष वेबसाइटचा आहे. जेवायच्या आत मिटवते."

ही वेबसाइट जळगावातलं एक छोटं ऑफिस सांभाळायचं आणि त्या ऑफिसात आयुषीच्या शब्दाला कोणी आव्हान देत नसे. तिचा हात लागला की बिघाड आपणहून वठणीवर येतो, असं शेजारच्या टेबलावरचा दीपक म्हणायचा. दीपक फुकटची स्तुती करणाऱ्यातला नव्हे.

"त्याने काढलं शे, तर दिसस कसं?" दीपकने त्याच्या अहिराणीत विचारलं.

"हलवाई दर गिऱ्हाइकाला शेव नव्याने तळतो का? सकाळी काढून ठेवतो, तीच दिवसभर देतो. वेबसाइटही पानाची तयार प्रत ठेवते, तीच कॅश. अर्पितने मूळ पान काढलं. पण पहिल्या पानावर, धुळ्याच्या यादीत त्याच्या शिळ्या प्रती तशाच पडल्यात. त्या फेकायला वेबसाइटला कोणी सांगितलंच नाही."

तिने बोटातली हिरव्या खड्याची अंगठी जरा वर सरकवली आणि कामाला लागली. नियम सरळ होता. एखाद्या स्थळात काहीही बदललं, की ते जिथे जिथे दिसतं तिथली जुनी प्रत त्याच क्षणी टाकायची आणि नवी घ्यायची. तिने तो एका खोट्या स्थळावर तपासला, मग सगळ्यांना लागू केला.

अर्पितचं पान उघडलं. मिशीवाला जुना फोटो गायब. 'हे स्थळ उपलब्ध नाही,' एवढंच.

"बठ्ठं साफ?"

"बठ्ठं साफ. सगळंच्या सगळं."

"कोणाच्या लग्नासाठी कोण राबतंय!" दीपक हसला. "पहिला पेढा तुलाच मिळायला पाहिजे."

"मिळेल की," आयुषी म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला होता.

तिने लगेच फोन लावला. "दादीजी, आता शिळं काही उरलं नाही. यापुढे तिथे दिसेल ते ताजंच असेल."

सुगनबाई विरघळल्या. "म्हणजे मुलगा खरं बोलत होता. मी उगाच संशय घेतला बाई."

"मी सांगतच होते."

जेवण झालं. आयुषी डबा धुऊन आली तोवर फोन वाजत होता. या वेळी सुगनबाईंचा आवाज चढलेला नव्हता.

"बेटा, परत दिसतोय."

आयुषीने पान उघडलं. होतं. दीपक खुर्ची सरकवून जवळ आला. "तुझा नियम फसला की!"

नियम फसला नव्हता. पान अर्पितच्याच खात्यातून जेवणाच्या सुट्टीत नव्याने चढवलेलं होतं आणि नियमाने ते क्षणात सगळीकडे पोहोचवलं होतं. मिशी नव्हती. फोटोही नवा होता, सगाईतल्या शेरवानीतला. शेजारी उभं असलेलं माणूस कापून टाकलं होतं. कापताना अर्पितच्या दंडावरचा एक हात तेवढा राहून गेला होता.

त्या हातात हिरव्या खड्याची अंगठी होती. आयुषीने तीच अंगठी आपल्या बोटातून उतरवली आणि कीबोर्डशेजारी ठेवली.